पित्ताश्मरी, सूक्ष्मजीव आणि आपले औषध

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील त्रिमर्मीय अध्यायात बस्तीतील अश्मरीची उत्पत्ती सांगताना आचार्यांनी गोरोचनेचा दृष्टान्त दिला आहे. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच तो पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. त्यातील मर्म असे की, गायीच्या पित्तात हळूहळू जमणारा खडा आचार्यांना इतका परिचित होता की मूत्राश्मरी समजावण्यासाठी तो उपमान म्हणून वापरता आला. माणसाच्या पित्ताशयातील खड्याचे स्वतंत्र निदान व चिकित्सा मात्र बृहत्त्रयीत आढळत नाही. 'पित्ताश्मरी' हा शब्द आपण अलीकडच्या काळात घडविला आहे. शब्द घडविण्यात गैर काहीच नाही; गैर घडले ते त्यानंतर. अश्मरी हे नाव समान म्हणून आपण अश्मरीघ्न द्रव्येही जशीच्या तशी उचलून पित्ताशयाकडे वळविली.

पाषाणभेद, वरुण, गोक्षुर, कुळथाचा काढा ही द्रव्ये मूत्रमार्गातील अश्मरीसाठी सांगितलेली आहेत. तेथील खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, मूत्राचा प्रवाह वाढविता येतो, आणि लहान खडा त्या प्रवाहाबरोबर बाहेर पडणे ही रोजच्या अनुभवातील गोष्ट आहे. पित्ताशयातील खडा एक तर कोलेस्टेरॉलचा असतो किंवा बिलिरुबिन या रंगद्रव्याचा. त्यावरून मूत्र वाहत नाही. तो सुटून निघालाच तर ज्या अरुंद नलिकेत शिरतो ती मुख्य पित्तवाहिनीला मिळते आणि पुढे स्वादुपिंडाच्या नलिकेशेजारी उघडते. म्हणजे मूत्राश्मरीच्या बाबतीत ज्याला आपण यश म्हणतो, तेच पित्ताश्मरीच्या बाबतीत संकट ठरू शकते. असे असूनही एकाच पाठाची गोळी 'मूत्रखडे व पित्तखडे' अशा जोडशब्दाने विकली जाते, आणि ती लिहून देणाऱ्यांत आम्हीही एकेकाळी होतो, हे आधीच सांगून टाकतो.

या लेखाचे निमित्त वेगळे आहे. पित्ताश्मरी आणि सूक्ष्मजीव यांच्या संबंधावर, तसेच आपल्या नित्याच्या वनस्पतींतील घटकद्रव्यांवर गेल्या काही दशकांत बरेच संशोधन झाले आहे. त्यातील सोयीचे तेवढे उचलून आपल्या माहितीपत्रकांत छापले जाते. मूळ संशोधन नेमके काय सांगते, हे आपल्या व्यवसायबंधूंनी आणि औषधनिर्मात्यांनी स्वतः पाहावे, अशी आमची इच्छा आहे. कारण त्यात आपल्याला आनंद वाटावा असे पुष्कळ आहे आणि आपले हात बांधणारेही तितकेच आहे.

प्रथम जिवाणूंविषयी. निरोगी पित्तरस जवळजवळ जिवाणुरहित असतो. जपानमधील सेंडाई येथील शल्यविशारद माकी यांनी १९६६ साली मांडलेली उपपत्ती आज पाठ्यपुस्तकांत स्थिरावली आहे. यकृत बिलिरुबिनाला ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून पाण्यात विरघळणारे बनविते आणि पित्तरसात सोडते. इ. कोलाय हा आतड्यातील जिवाणू पित्तमार्गात चढला, की त्याचे बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे विकर ती जोडणी तोडते. सुटे झालेले बिलिरुबिन कॅल्शियमशी संयोग पावते आणि तपकिरी, मऊ, हाताने चुरडेल असा खडा तयार होतो. आपल्या औषधालयातील गोरोचना रासायनिकदृष्ट्या याच खड्याची नातेवाईक आहे. तीतही कॅल्शियम बिलिरुबिनेट हाच प्रमुख घटक. (सोन्याहून महाग झालेली ही वस्तू आज शुद्ध मिळते किती आणि पाठात नुसती नावाला उरते किती, हा निर्मात्यांनी एकमेकांना विचारण्यासारखा प्रश्न आहे.) जपानमध्ये एकेकाळी या तपकिरी खड्यांचे प्रमाण मोठे होते, दुसऱ्या महायुद्धानंतर राहणीमान व आहार बदलला तसे ते घटले आणि कोलेस्टेरॉलचे खडे वाढले. आपल्याकडेही उत्तर भारतात कोलेस्टेरॉलचे, तर दक्षिणेत रंगद्रव्याचे खडे तुलनेने अधिक आढळतात. तेव्हा 'पित्ताश्मरी' हा एक व्याधी नसून किमान दोन आहेत, आणि दोहोंचे हेतू भिन्न आहेत.

कोलेस्टेरॉलच्या खड्याशी जिवाणूंचा काही संबंध नाही, अशी समजूत दीर्घकाळ होती. तीही आता डळमळीत झाली आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत, खडे होण्याकडे कल असलेल्या एका वंशाच्या उंदरांना आतड्यात व यकृतात राहणाऱ्या काही हेलिकोबॅक्टर जातींचा संसर्ग झाल्यावर कोलेस्टेरॉलचे खडे मोठ्या प्रमाणावर झाले. संसर्ग नसलेल्यांत ते क्वचितच झाले, आहार मात्र तोच होता. २०२२ साली चिनी संशोधकांनी खडे असलेल्या रुग्णांच्या मलातील सूक्ष्मजीव सहसा खडे न होणाऱ्या उंदरांत सोडले, आणि त्यांनाही खडे होऊ लागले. आतड्यातील सूक्ष्मजीव पित्ताम्लांचे स्वरूप पालटतात, ती पित्ताम्ले यकृताकडे परततात, आणि यकृत पित्तरसात किती कोलेस्टेरॉल सोडते हे त्यांवर ठरते, असा हा मार्ग आहे. अग्नी, आम आणि कोष्ठ यांचा विचार केल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या वैद्याला ही वाट अनोळखी वाटू नये.

तथापि येथे एक मोह आवरला पाहिजे. सुश्रुतांनी सर्व अश्मरींचे अधिष्ठान श्लेष्मा सांगितले आहे, आणि पित्ताशयाच्या अस्तरातून पाझरणाऱ्या चिकट श्लेष्मल द्रव्यातच कोलेस्टेरॉलचे स्फटिक प्रथम रुजतात, असे आधुनिक संशोधनही सांगते. हे साम्य मनोहर आहे. परिषदांमधून ते टाळ्या घेते. परंतु सुश्रुतांचे वचन मूत्राश्मरीविषयी आहे, आणि साम्य दिसले म्हणजे कफघ्न द्रव्याने खडा जातो असे सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे पित्तदोष आणि पित्तरस यांची गल्लत करून 'पित्तशामक म्हणून पित्तखड्यावर' असे जे लिहिले जाते, त्याला ना शास्त्राचा आधार ना प्रयोगाचा.

जिवाणू खडा घडवितात त्याप्रमाणे खड्यात घरही करतात. आंत्रिक ज्वराच्या रुग्णांपैकी सुमारे शंभरात तीन ते पाच जण बरे झाल्यावरही वाहक राहतात आणि त्यांच्या पित्ताशयात साल्मोनेला टायफी वर्षानुवर्षे टिकतो. न्यूयॉर्कमधील स्वयंपाकीण मेरी मॅलन हिची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९०७ साली ती वाहक असल्याचे उघडकीस आले, पित्ताशय काढून घेण्यास तिने नकार दिला आणि १९३८ साली मरेपर्यंत तिचे बहुतेक आयुष्य विलगीकरणात गेले. तो जिवाणू तेथे टिकतो कसा, याचे उत्तर अलीकडे मिळाले. कोलेस्टेरॉलच्या खड्यावर तो चिकट द्रव्याचा थर विणतो आणि त्या थराच्या आत समूहाने राहतो. या थराला आपण जैवपटल म्हणू. २०१० साली मेक्सिको सिटीतील वाहक रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या खड्यांवर ही पटले प्रत्यक्ष दिसली. पटलाआडच्या जिवाणूपर्यंत प्रतिजैविक पुरेसे पोहोचत नाही, म्हणून अशा वाहकात औषधे पुन्हापुन्हा फसतात. महाराष्ट्रात आंत्रिक ज्वर अद्याप सरलेला नाही आणि त्यावरील प्रतिजैविके एकेक करून निष्प्रभ होत आहेत. त्यामुळे जुना विषमज्वर आणि पित्ताशयात खडा असा पूर्वेतिहास असलेला रुग्ण, विशेषतः तो खानावळीत वा घरोघरी स्वयंपाक करीत असेल तर, मलपरीक्षणाविना सोडू नये.

आता वनस्पतींकडे वळू. या क्षेत्रातील सर्वांत नेटके काम आपल्याच देशात, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाले आहे. १९९२ साली तेथील संशोधकांनी उंदरांना खडे उत्पन्न करणारा आहार दहा आठवडे दिला. केवळ तो आहार घेणाऱ्या सर्वच उंदरांना खडे झाले, तर त्यात अर्धा टक्का कर्क्युमिन मिसळले तेव्हा २६ टक्क्यांना झाले. पुढे २००९ साली लसूण, कांदा आणि मेथी यांनीही खड्यांचे प्रमाण घटते असे त्याच संस्थेतून प्रसिद्ध झाले, आणि २०११ साली आधीच झालेले खडे मेथीयुक्त आहाराने उंदरांत कमी होतात हेही दिसले. हे सर्व मोलाचे आहे. पण अर्धा टक्का म्हणजे किती, याचा हिशेब माहितीपत्रकात कोणी करीत नाही. माणसाचा दिवसाचा कोरडा आहार अर्धा किलो धरला तर अडीच ग्रॅम कर्क्युमिन होते. हळदीत ते साधारण ३ टक्के असते. म्हणजे रोज ८० ग्रॅमहून अधिक हळद. आपल्या गोळीत किती जाते, ते निर्मात्यांनी स्वतःच्या पाठातून पाहावे.

हळदीविषयी आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. इंडोनेशियातील संशोधकांनी १९९९ व २००२ साली निरोगी स्वयंसेवकांत सोनोग्राफीने पाहिले की २० मिलिग्रॅम कर्क्युमिननेदेखील पित्ताशय आकुंचन पावते, आणि ४० मिलिग्रॅमने दोन तासांत त्याचे आकारमान निम्म्यावर येते. पित्ताशय वेळोवेळी रिते होणे हे खडे न होण्याच्या दृष्टीने हितकर. रसाचा संचय टळतो. पण आत खडा असताना तेच आकुंचन त्याला नलिकेच्या मुखाशी लोटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात पित्तमार्गात अवरोध असताना हळद वर्ज्य सांगितली आहे, आणि खडे असल्यास वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावी असे म्हटले आहे, ते याचसाठी. खडे होऊ नयेत म्हणून जे द्रव्य योग्य, ते खडा झाल्यावर अयोग्य ठरावे, हे अवस्थाभेद मानणाऱ्या आपल्या शास्त्राला नवे नाही.

याबाबतचा आमचा अनुभव सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून एक मध्यमवयीन भगिनी आमच्याकडे आल्या. सोनोग्राफीत लहान लहान अनेक खडे, जेवणानंतर उजव्या कुशीत दुखणे, शस्त्रक्रियेची भीती. "वैद्यबुवा, पोट फाडायला लावू नका," एवढेच त्यांचे म्हणणे. आम्ही आरोग्यवर्धिनी आणि हळद-पिंपळीचा एक योग दिला. महिनाभर बरे वाटले. आम्हालाही समाधान वाटले. नंतर एके दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले. त्यांच्या मुलाने दूरध्वनी केला. आम्ही ज्वर आणि कामला यांचा विचार करून औषध सांगितले आणि दोन दिवस वाट पाहण्यास सांगितले. दुसऱ्या रात्री त्या बरळू लागल्यावर मुलाने न विचारता जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. खडा मुख्य पित्तवाहिनीत अडकून तेथे संसर्ग झाला होता. अंतर्दर्शकाने मार्ग मोकळा केला, प्रतिजैविके दिली, पुढे पित्ताशय काढले. त्या वाचल्या. आमच्या योगाने खडा सरकला की तो आपोआप सरकणारच होता, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण वेदना, थंडी वाजून ताप आणि कावीळ हे त्रिकूट शार्को यांनी १८७७ सालीच नोंदविले आहे, आणि ते दूरध्वनीवर ऐकूनही आम्ही दोन दिवस घालविले, याला उत्तर नाही. अशा रुग्णाला तासांचा हिशेब असतो. तुंबलेल्या पित्तमार्गातील जिवाणूंवर कोणतीही वनस्पती देऊन थांबणे ही चिकित्सा नव्हे.

मग संसर्गात वनस्पतींचे स्थान काय? येथे आम्हाला निराश होण्याचे कारण दिसत नाही. दारुहळदीतील बर्बेरिनचे उदाहरण घ्या. १९८७ साली बांगलादेशात इ. कोलायच्या विषामुळे होणाऱ्या अतिसारात त्याची यादृच्छिक तुलनात्मक परीक्षा झाली आणि मलप्रवृत्ती लक्षणीय घटली. पण प्रयोगनलिकेत शुद्ध बर्बेरिन स्टॅफिलोकॉकसवर दुबळे ठरते, कारण तो जिवाणू ते आत आल्याबरोबर पंपाने बाहेर फेकतो. २००० साली अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले की बर्बेरिनधारी दारुहळदीच्या कुळातील वनस्पतींतच एक दुसरे द्रव्य असते, जे स्वतः जिवाणूला मारीत नाही, पण तो पंप बंद पाडते. मग बर्बेरिन आपले काम करते. ते द्रव्य त्यापूर्वी कशात सापडले होते? कुष्ठावरील चालमोगऱ्याच्या तेलात, म्हणजे आपल्या तुवरकाच्या जातीत. एका वनस्पतीतील सक्रिय घटक वेगळा काढला की उरलेला चोथा, ही धारणा किती अपुरी आहे याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. लसणातील अजोइन हेही जिवाणूंचा परस्परांशी चालणारा रासायनिक संवाद बिघडविते, असे २०१२ साली स्यूडोमोनासवरील प्रयोगांत दिसले. साल्मोनेलाचे खड्यावरील पटल अशाच एखाद्या द्रव्याने सैल होईल काय, हा प्रश्न आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी घ्यावा इतका नेमका आहे.

पिंपळी-मिरीतील पायपेरिन दुसरी बाजू दाखविते. जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधनातून २००९ साली रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी क्षयरोगावरील गोळी बाजारात आली, तिच्यात १० मिलिग्रॅम पायपेरिन आहे. त्रिकटूच्या योगवाही गुणाची ही मोठीच पावती. मात्र जे प्रतिजैविकाचे शोषण वाढविते ते इतर औषधांचेही वाढविते, आणि कर्क्युमिनचेही. बंगळूरमध्ये १९९८ साली ही वाढ माणसात वीसपट मोजली गेली. अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचे वृत्त २०२२ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींच्या गोळ्यांत पायपेरिन होते. आजीच्या हळद-दुधाशी याचा संबंध नाही. परंतु ९५ टक्के कर्क्युमिनचा अर्क, त्यात पायपेरिन, आणि वर 'संपूर्ण निरुपद्रवी' हे लेबल, असे ज्यांचे उत्पादन आहे त्यांनी लेबल बदलावे.

खडा विरघळतो की नाही, या मूळ प्रश्नाला आता येऊ. अमेरिकेत ९१६ रुग्णांवर पित्ताम्लाची मोठी परीक्षा झाली. १९८१ सालच्या निष्कर्षानुसार दोन वर्षे अधिक मात्रा घेऊनही खडा पूर्ण विरघळला तो १३.५ टक्के रुग्णांत. पुढे आलेले अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल सौम्य व अधिक उपयोगी आहे, तरी तेही लहान, कॅल्शियमरहित, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, महिनोन्महिने दिल्यावर. आणि औषध थांबविल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्यांना खडे पुन्हा होतात. वनस्पतींतील उडनशील तेलांच्या एका मिश्रणाने काही रुग्णांत खडे कमी झाल्याचे ब्रिटनमधून १९७९ साली प्रसिद्ध झाले होते. ते मुख्य चिकित्सा म्हणून टिकले नाही. आपला कोणताही योग याहून सरस आहे असे म्हणायचे तर सोनोग्राफीचे आधीचे व नंतरचे अहवाल, तेही पुरेशा रुग्णांचे, मांडावे लागतील.

'पण आमचे रुग्ण बरे होतात' हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो, आणि ते खोटे नाही. मिशिगन विद्यापीठातील लक्षणरहित खडे असलेल्या १२३ जणांचा पाठपुरावा १९८२ साली प्रसिद्ध झाला. वीस वर्षांत वेदना झाल्या त्या केवळ १८ टक्क्यांना. उरलेल्यांना काहीच न देता काहीच झाले नाही. आज तपासणी शिबिरात कोणाचेही पोट पाहिले जाते आणि मुका खडा हाती कागद म्हणून येतो. त्याला आपण चूर्ण देतो, रुग्णाला त्रास होत नाही, श्रेय चूर्णाला जाते. तसेच सफरचंदाचा रस, ऑलिव्हचे तेल व लिंबू घेऊन मलातून पडलेले 'हिरवे खडे' घेऊन येणारे रुग्ण सर्वांनाच भेटत असतील. २००५ साली लॅन्सेटमध्ये अशा खड्यांचे पृथक्करण प्रसिद्ध झाले. ते त्या तेलाचेच झालेले साबणाचे गोळे होते.

कायद्याचा प्रश्न तर वेगळाच. औषधे व जादूटोणासदृश उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ सालच्या अधिनियमाच्या अनुसूचीत पित्ताशयातील खड्यांचा उल्लेख स्पष्ट आहे. 'शस्त्रक्रियेविना खडे विरघळवा' ही ओळ छापणारा औषधनिर्माता कायद्याच्या कक्षेत येतो, आणि तिचा फलक दुकानात लावणाराही. ती ओळ आपल्या सभासदांच्या उत्पादनांवरून व दुकानांतून उतरावी, यासाठी संघटनेने कायद्याची वाट पाहू नये असे आम्हाला वाटते. आणि पाषाणभेदाच्या गोळीवरील 'पित्तखडे' हा शब्दही तिच्याबरोबर जावा.

उरते ते काम लहान नाही. झपाट्याने वजन घटविणारे, दीर्घ लंघन करणारे, कुटुंबात खड्यांचा इतिहास असलेले, प्रसूतीनंतरच्या स्त्रिया, यांच्यात खडा होण्यापूर्वी आहार, मेथी-लसूण, अग्निदीपन यांनी काही साधते का हे पाहणे आपल्याच हाती आहे. पित्ताशय काढल्यावर ज्यांना महिनोन्महिने द्रवमलप्रवृत्ती राहते, त्यांच्याकडे तर दुसरे कोणी फारसे पाहतही नाही.

आमच्या दवाखान्यात त्या भगिनींच्या प्रसंगानंतर एक साधी वही ठेवली आहे. रुग्णाची लक्षणे, खड्यांची संख्या व आकार, पूर्वी विषमज्वर झाला होता का, यकृताच्या चाचण्या, दिलेला योग मात्रेसह, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, आणि शस्त्रक्रिया झालीच तर खड्याचा प्रकार. शेवटचा रकाना बहुधा कोराच राहतो. शल्यविशारद खडे बाटलीत घालून नातेवाइकांच्या हाती देतात आणि ती बाटली घरच्या फडताळात जाऊन बसते. आता आम्ही रुग्णाला निघतानाच सांगतो, पुढल्या खेपेला बाटली घेऊन या. खडा पिवळट, कठीण, चकचकीत आहे की तपकिरी आणि चुरा होणारा, एवढे तरी नुसत्या डोळ्यांनी कळते. तपकिरी निघाला तर तो जिवाणुसंवर्धनासाठी ताजाच द्यायला हवा होता, ही चुटपुट प्रत्येक वेळी लागते. आपल्या गावातील शल्यविशारदाशी आधी बोलून ठेवले तर तेवढी तरी टळेल.